पासंग

बावीस वर्षं माल तोलतोय मी
तुर्भ्याच्या कांदा-बटाटा बाजारात.
गोणी काट्यावर पडायच्या आधी
हमालाच्या मानेवरून कळतं मला
पन्नास आहे की बावन्न.

आणि हा एवढासा कागद
चार रात्री झाल्या, उचलत नाही.

कुरियन डॉक्टरीणबाईंनी त्यावर दोन नावं लिहिलीत.
एक गोळी, रोजची, खिशाला झेपणारी,
पण सारखं रक्त द्यायचं तपासायला.
एक सुई, फ्रिजात राहणारी,
तिच्या पैशात गावच्या घराचे पत्रे बदलून होतील.
"घाई नाही," म्हणाल्या, "पण फार उशीरही नको."
त्या दोन वाक्यांच्या मधोमध बसून
मी रिक्षानं कोपरखैरण्याला आलो.

आतड्याला सूज. नाव कळायलाच दोन वर्षं गेली.
तोवर मूळव्याध म्हणून चाललं,
पाल्याचा रस, ताक, कुणाच्या तरी साडूचा वैद्य.
रक्त पडतं हे वैजयंताला सांगायला सहा महिने.
बाजारातला प्रत्येक संडास मला पावलांनी पाठ आहे,
कुठल्याची कडी लागत नाही तेसुद्धा.

मग स्टिरॉइड. तोंड पुरीसारखं फुगलं.
व्यापारी म्हणाले, "मापाडी, तब्येत धरली हो!"
रात्री तीनला मी ओटा घासत बसायचो,
झोप नाही, राग मात्र ताजा.
ते जन्मभर घेता येत नाही, एवढं मलाही कळतं.

पोरीनं पत्रक वाचून दाखवलं.
गाठींचा कॅन्सर, दहा हजारांत सहा.
मला एकदम हलकं वाटलं.
दहा हजार गोण्यांत सहाच सडक्या,
असा माल नाशकाहून आजवर आलेला नाही.
मग दिवा मालवल्यावर आलं डोक्यात,
गोणीला कुठं ठाऊक असतं
आपण सहांतले की बाकीचे.

सुईआधी टीबी बघतात.
हातावर टोचलं, पेनानं गोल काढला,
आत झोपलेला असेल तर जागा होईल म्हणाल्या.
दादा माथाडी होते, खोकतच गेले.
तीन दिवस मी त्या गोलात त्यांना शोधत होतो.
काही फुगलं नाही.
वैजयंता म्हणाली, "बरं झालं,
मामंजींनी ते तरी मागं ठेवलं नाही."

त्यांनी ठेवलं ते वेगळंच.
जुन्या तराजूचा काळ होता. म्हणायचे,
आधी रिकामी पारडी बघ.
रिकामी असली तरी सारखी असतीलच असं नाही.
आधी पासंग, मग माल.

मी इतके दिवस सगळं एकाच पारड्यात घालत होतो,
गोळी, सुई, सहा गोण्या, पत्र्यांचे पैसे,
दुसरं रिकामं समजून.

रिकामं कुठं होतं?
मोनालीचं बक्षीस मी दाराआडून ऐकलंय,
टाळ्या, आणि इकडं नळाची धार.
एसटीत बसायचं म्हणून दोन दोन दिवस उपाशी.
अकरा किलो उतरलो,
बाजारात कुणाच्या मालात एवढी घट आली असती
तर मीच भांडलो असतो.
काहीच न घेण्याचं पत्रक
कुणी छापत नाही.

सोमवारी सही केली. सुईच्या बाजूनं.
बरोबर की चूक, सहा महिन्यांनी दुर्बीण घालून बघतील.
थोडे भिशीतून, थोडे मेव्हण्याकडून,
पत्रे गळू देत अजून एक साल.

डबा आला. मिरच्या सरकवून जागा केली.
ठेवायच्या आधी राहवलं नाही,
ओट्यावरच्या छोट्या काट्यावर ठेवून बघितला.
खोक्यासकट एकशे बारा ग्रॅम,
आत औषध थेंबभर.
सवयीनं खिशातलं पेन काढलं
आणि कुणाच्या नावावर लिहायचं
म्हणून थांबलो.

"दार लावा आधी," वैजयंता म्हणाली,
"गार राहायला पाहिजे ते."